‘तुम्ही स्वतः काय खेळलात?’ हा प्रश्न आणि स्पार्की अँडरसन

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी मूळचा सांगलीचा, १९८१ पासून इथे अमेरिकेत डिट्रॉईटच्या जवळ राहतो, आता रिटायर झालोय. रोज सकाळी तुमचा ई-पेपर उघडला की आधी क्रीडा पान बघायचं ही सवय अजून गेलेली नाही. मागच्या आठवड्यात त्या पानावर कोच लोकांवर एक लेख होता, बाकी लेख ठीक होता पण त्यात एक वाक्य होतं की जो स्वतः वरच्या लेव्हलला खेळला नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार. ते वाक्य काही डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र. लांबलंय, छापताना काटछाट करावी लागली तर करा, पण वाचा तरी पूर्ण.

आधी हे का लागलं ते सांगतो. माझा पुतण्या इचलकरंजीला पोरांना क्रिकेट शिकवतो. स्वतः जिल्ह्याच्या टीमपर्यंत गेला, पुढे नाही जमलं. पण पोराचा मागचा पाय कुठे पडतोय, खांदा का उघडतोय हे त्याला दोन बॉलमध्ये कळतं, मी स्वतः सुट्टीवर आलो तेव्हा ग्राउंडवर बसून बघितलंय. एका क्लबमध्ये कोचची जागा निघाली म्हणून हा गेला, तर पहिलाच प्रश्न आला, तुम्ही स्वतः काय खेळलात? याने खरं काय ते सांगितलं. दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही, थँक्यू म्हणाले आणि पुढच्याला आत बोलवलं. त्या दिवशी रात्री त्याचा फोन आला तेव्हा मी त्याला एका माणसाची गोष्ट सांगितली आणि तीच आता तुमच्या वाचकांना सांगतो.

त्या माणसाचं नाव जॉर्ज ली अँडरसन, पण सगळं जग त्याला स्पार्की म्हणायचं. बेसबॉलमधला मॅनेजर. आपल्याकडे मॅनेजर म्हटलं की हॉटेलच्या खोल्या आणि विमानाची तिकीटं बघणारा माणूस डोळ्यासमोर येतो, इथे तसं नाही. बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे आपला कॅप्टन आणि कोच दोन्ही एकातच, कोण कितव्या नंबरला बॅटिंगला जाणार, पिचर म्हणजे आपला बॉलर कधी बदलायचा, धावायला कोणाला सोडायचं, सगळं तोच ठरवतो, आणि खेळाडूंसारखाच युनिफॉर्म घालून डगआउटमध्ये बसतो. वर्षाला १६२ मॅच, जवळजवळ रोजच एक, सहा महिने.

स्पार्कीचा जन्म १९३४ चा, साऊथ डकोटातलं ब्रिजवॉटर नावाचं छोटंसं गाव. वडील रंगारी, घरं रंगवायचे. तो लहान असतानाच सगळं कुटुंब पोटापाण्यासाठी लॉस एंजेलिसला आलं आणि तिथे हा एका युनिव्हर्सिटीच्या टीमचा बॅटबॉय झाला, म्हणजे बॅटा उचलून ठेवणारा पोरगा. १९५१ मध्ये त्याच्या शाळकरी वयाच्या टीमने नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली आणि ती मॅच कुठे झाली माहितेय, डिट्रॉईटमध्ये, ज्या स्टेडियममध्ये पुढे त्याने सोळा-सतरा वर्षं काढली त्याच स्टेडियममध्ये. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

खेळाडू म्हणून तो इनफिल्डर, म्हणजे बेसजवळचा फिल्डर, सेकंड बेसवाला. बेस म्हणजे मैदानातल्या चौकोनाचे कोपरे, चारही गाठले की एक रन. पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधे उभं राहून जमिनीलगत येणारे बॉल उचलायचे आणि डबल प्ले करायचा, म्हणजे एकाच बॉलवर दोघांना आउट, ती जागा. शरीर लहान, ताकद कमी, पण तोंड आणि डोकं सतत चालू. १९५५ ला टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला खेळत असताना अंपायरशी इतका भांडायचा की रेडिओवरच्या कॉमेंटेटरनेच त्याला स्पार्की नाव दिलं, ठिणग्या उडवणारा म्हणून, ते कायमचं चिकटलं. १९५३ पासून छोट्या लीगमध्ये बसने गावोगाव फिरत होता आणि शेवटी १९५९ ला फिलाडेल्फिया फिलीजने त्याला मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लेव्हलला, घेतलं.

आणि आता आकडे बघा. १५२ मॅच, म्हणजे सीझनमधल्या जवळजवळ सगळ्याच. ४७७ वेळा बॅटिंग, १०४ हिट म्हणजे बॉल मारून बेस गाठला, अॅव्हरेज .२१८ म्हणजे शंभरात जेमतेम बावीस वेळा. होमरन, म्हणजे आपला सिक्सर समजा, एकही नाही, शून्य. टीम शेवटच्या नंबरला आली. त्या एका सीझननंतर त्याला परत कोणी मेजर लीगमध्ये बोलवलंच नाही. खेळाडू म्हणून त्याची सगळी कारकीर्द एवढीच, एक वर्ष. उद्या हा माणूस पुतण्याच्या त्या इंटरव्ह्यूच्या खोलीत गेला असता तर त्यालाही थँक्यू म्हणून बाहेर पाठवला असता याबद्दल मला शंका नाही.

फिलीजने सोडल्यावर तो खाली टोरांटोच्या टीममध्ये गेला, तिथे चार वर्षं खेळला. खेळत असताना तिथल्या टीममालकाच्या लक्षात आलं की हा पोरगा बॅटने काही करत नाहीये पण तरुण पोरं याच्याभोवती बसून ऐकतात. १९६४ ला त्यालाच मॅनेजर केलं, वय वर्षं तीस. एक वर्ष टिकला. मग परत खालच्या लीग, १९६५ रॉक हिल, १९६६ सेंट पीटर्सबर्ग, १९६७ मोडेस्टो, १९६८ अॅशव्हिल, दरवर्षी नवं गाव नवी पोरं. हिवाळ्यात घर चालवायला मिळेल ते काम करायचा. सेंट पीटर्सबर्गला असताना १९६६ मध्ये त्याची टीम एक मॅच २९ इनिंग खेळली, नऊ इनिंगचा खेळ २९ इनिंग, आणि ४-३ ने हरली! कोण बघत होतं हो त्या गावातली ती मॅच? कोणी नाही. पण माझं म्हणणं असं आहे की स्पार्की तयार झाला तो इथे. ज्याला देवाने हातात सगळं दिलंय त्याला चेंडू कसा लागतो हे कधी शोधावंच लागत नाही, आणि ज्याला रोज सकाळी उठून आपल्याकडे नसलेली ताकद कशी भरून काढायची याचा विचार करावा लागतो त्याला खेळातली एक एक बारीक गोष्ट माहीत होते.

१९६९ ला तो सॅन डिएगो पॅड्रेसचा कोच होता, आणि त्याच वर्षीच्या शेवटी सिनसिनाटी रेड्सचे जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू आणि मॅनेजर निवडणारे, बॉब हाऊसम यांनी त्याला मुख्य मॅनेजर म्हणून उचललं. वय ३५. दुसऱ्या दिवशी तिथल्या पेपरात हेडलाईन, ‘स्पार्की हू?’ म्हणजे हा कोण बुवा. टीममध्ये पीट रोज, जॉनी बेंच, टोनी पेरेझ असले लोक, दोन वर्षांनी जो मॉर्गनही आला, आणि त्यांच्यासमोर उभा एक वर्ष खेळलेला, शून्य होमरनवाला माणूस. पहिल्याच वर्षी, १९७० ला, टीमने १०२ मॅच जिंकल्या आणि वर्ल्ड सीरिजपर्यंत, म्हणजे मेजर लीगमधल्या दोन लीगच्या विजेत्यांच्या सात मॅचच्या फायनलपर्यंत, गेली. तिथे बाल्टिमोरकडून हरले. १९७२ ला परत गेले, ओकलंडकडून सातव्या मॅचमध्ये हरले. लोक म्हणायला लागले की यांना मोठं काही जिंकता येत नाही.

मग आलं १९७५. त्या वर्षी मे महिन्यात स्पार्कीने एक गोष्ट केली जी माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीचं सार आहे. टीमला बॅटिंग वाढवायला जॉर्ज फॉस्टर रोज खेळायला हवा होता, पण त्याची जागा आउटफिल्डमध्ये आणि तिथे उभा पीट रोज, टीमचा सगळ्यात मोठा स्टार. स्पार्कीने रोजला ऑर्डर दिली नाही, त्याला जाऊन विचारलं, थर्ड बेसला खेळशील का, टीमसाठी. रोज तयार झाला. फॉस्टर आत आला आणि त्यानंतर ती टीम थांबलीच नाही, १०८ मॅच जिंकल्या. आता विचार करा, एका स्टार माणसाला त्याची जागा सोडायला लावायची आणि त्याला अपमान वाटू द्यायचा नाही, हे बॅटिंग अॅव्हरेजमधून येतं का? हे येतं दहा-पंधरा वर्षं बसमध्ये शेजारी बसलेल्या पोरांची तोंडं वाचून.

त्या वर्षीची वर्ल्ड सीरिज बोस्टनशी, इथले जुने लोक अजून तिच्याबद्दल बोलतात. सहावी मॅच पावसाने तीन दिवस पुढे गेली, बाराव्या इनिंगमध्ये कार्लटन फिस्कने होमरन मारून बोस्टनला जिंकवलं, सगळ्यांना वाटलं रेड्स पुन्हा पडणार. सातव्या मॅचमध्ये ३-० ने मागे होते. मग पेरेझचा होमरन, मग बरोबरी, आणि नवव्या इनिंगमध्ये जो मॉर्गनची साधी सिंगल आणि ४-३. पुढच्या वर्षी १९७६ ला तर प्लेऑफ आणि वर्ल्ड सीरिज मिळून सातच्या सात मॅच जिंकल्या, फायनलला यँकीजना ४-० धुतलं. त्या टीमला ‘बिग रेड मशीन’ म्हणायचे.

त्याचं अजून एक टोपणनाव होतं, कॅप्टन हुक, आणि ते क्रिकेटवाल्यांना समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे कॅप्टनने बॉलर बदलला तर तो तासाभराने परत येऊ शकतो. बेसबॉलमध्ये पिचर एकदा बाहेर काढला की त्या मॅचमध्ये परत नाही. म्हणून त्या काळात मॅनेजर लोक सुरुवातीच्या पिचरला शक्य तितकं लांब ओढायचे, त्याचा मानही राहायचा. स्पार्की मात्र जरा बॉल वर यायला लागला की उठला, मैदानात गेला आणि बॉल काढून घेतला. पिचर चिडायचे, प्रेक्षक ओरडायचे. आज सगळ्या टीम तेच करतात, पाचव्या-सहाव्या इनिंगला पिचर बदलतात. आणि जाता-येता तो फाउल लाईनच्या पांढऱ्या रेषेवर कधी पाय ठेवायचा नाही, टुणकन उडी मारून ओलांडायचा. आमच्या आजी उंबऱ्यावर पाय देऊ द्यायच्या नाहीत त्याची मला दरवेळी आठवण यायची.

१९७७ आणि १९७८ ला रेड्स दुसरे आले आणि त्याला काढून टाकलं. मॅनेजमेंटला त्याचे मदतनीस कोच बदलायचे होते, हा त्याला तयार नव्हता. दोन वर्ल्ड सीरिज जिंकून दिलेल्या माणसाला! १९७९ च्या जूनमध्ये तो डिट्रॉईट टायगर्सकडे आला आणि आल्या आल्या म्हणाला की पाच वर्षांत जिंकून दाखवतो.

मी आलो १९८१ च्या जानेवारीत. बर्फ, मोटारींच्या फॅक्टरीतली नोकरी, घरात फक्त मी आणि एक रेडिओ. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. माझ्या शेजारच्या मशीनवरचा एक वयस्कर माणूस रोज जेवणाच्या सुट्टीत मला कागदावर चौकोन काढून समजावायचा. संध्याकाळी रेडिओवर अर्नी हारवेल यांची कॉमेंट्री, किती शांत आवाज होता तो, माझं निम्मं इंग्लिश मी त्या आवाजातून शिकलो. आणि टीव्हीवर स्पार्की बोलायला लागला की मला फार बरं वाटायचं कारण त्याचं इंग्लिश ग्रामरच्या दृष्टीने पार चुकीचं असायचं, डबल निगेटिव्ह, कुठलं क्रियापद कुठेही, आणि तरी सगळं शहर कान देऊन ऐकायचं. ऑफिसात तोंड उघडायला घाबरणाऱ्या पंचवीस वर्षाच्या पोराला त्याने काय दिलं हे मी आज तुम्हाला सांगू शकत नाही.

१९८४ चं ते वर्ष. पहिल्या ४० मॅचमध्ये ३५ जिंकल्या, ३५-५, असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. सेकंड बेसला लू व्हिटेकर, शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, अॅलन ट्रॅमेल, ही दोघं स्पार्कीच्या हाताखाली विशी-बाविशीत होती तेव्हापासून वाढली, पुढे १९९५ पर्यंत एकत्र खेळली, १,९०० च्या वर मॅच. आमच्या मराठी मंडळींच्या घरी गणपतीची आरती झाली की लगेच टीव्ही लावायचे. १४ ऑक्टोबरला पाचवी मॅच टायगर स्टेडियममध्ये, समोर पॅड्रेस, ज्यांच्याकडे स्पार्की १९६९ ला कोच होता. आठव्या इनिंगमध्ये कर्क गिब्सन बॅटिंगला, समोर गूस गॉसेज. पॅड्रेसच्या मॅनेजरला गिब्सनला मारायला न देता फुकट बेस द्यायचा होता, याला इथे वॉक म्हणतात, पण पिचर गॉसेज म्हणाला नाही, मी काढतो याला. डगआउटमधून स्पार्की गिब्सनला ओरडून सांगतोय, ‘ही डोन्ट वाँट टू वॉक यू!’ डोन्ट, डझन्ट नाही. तो तुला फुकट बेस देणार नाहीये, बॉल टाकणार आहे, तयार राहा. आणि गिब्सनने तो बॉल उजव्या बाजूच्या वरच्या मजल्यावर पोचवला. मॅच तिथेच संपल्यात जमा होती आणि सीरिजही. पाच वर्षं म्हणाला होता, पाच वर्षांत दिलं. दोन्ही लीगमध्ये वर्ल्ड सीरिज जिंकणारा तो पहिला मॅनेजर.

तो देव होता असं मला म्हणायचं नाही. नव्या पोरांबद्दल तो फार वाढवून बोलायचा. १९८५ ला क्रिस पिटारो नावाचा एक नवा पोरगा इतका आवडला की त्याच्यासाठी व्हिटेकरला थर्ड बेसला हलवायला निघाला, व्हिटेकरने नाही म्हटलं आणि तो पोरगा काही टिकला नाही. गिब्सनला नवा मिकी मँटल, म्हणजे यँकीजचा जुना महान खेळाडू, म्हणाला, त्या शब्दाचं ओझं गिब्सनने कित्येक वर्षं वाहिलं. असं कोवळ्या पोराच्या डोक्यावर ठेवू नये हे मलाही वाटतं. १९८९ ला टीम १०३ मॅच हरली आणि मे महिन्यात हा थकून घरी गेला, काही दिवस सुट्टीवर होता. हरणं त्याला सहन व्हायचं नाही, आतून पोखरायचं. पण त्याच काळात, १९८७ ला, त्याने डिट्रॉईटच्या हॉस्पिटलमधल्या गरीब आजारी मुलांसाठी कॅच नावाची संस्था सुरू केली, ती त्याच्यामागेही चालू राहिली.

आणि आता १९९५. खेळाडूंचा संप चालू होता, १९९४ ची वर्ल्ड सीरिजच रद्द झाली होती. मालकांनी ठरवलं की बाहेरून कोणीही आणून टीम उभ्या करायच्या आणि सीझन सुरू करायचा. स्पार्की म्हणाला मी असल्या टीमला मॅनेज करणार नाही, हा खेळाचा अपमान आहे. बिनपगारी रजेवर घरी जाऊन बसला. वय ६१, पुढे नोकरी मिळेल की नाही माहीत नाही. आमची फॅक्टरी युनियनवाली, त्या दिवशी कँटीनमध्ये दुसरा विषयच नव्हता, आणि मला बेसबॉल शिकवणारा तो म्हातारा माणूस, तोपर्यंत रिटायर झालेला, त्याने मला घरी फोन करून विचारलं, ऐकलंस का? एप्रिलमध्ये संप मिटला, स्पार्की परत आला, पण तो सीझन संपल्यावर डिट्रॉईट सोडून गेला आणि परत कुठल्याच टीमचा मॅनेजर झाला नाही.

एकूण विजय २,१९४. रेड्सकडे ८६३, टायगर्सकडे १,३३१, दोन्ही टीमच्या इतिहासात सगळ्यात जास्त. २००० साली बेसबॉलमधला सगळ्यात मोठा मान, हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा भाषणात मागे बसलेल्या खेळाडूंकडे बोट दाखवून म्हणाला की मला यांनी घडवलं. तिथे लावायच्या फलकावर टोपी रेड्सची निवडली, कारण ‘हा कोण’ असं सगळे विचारत असताना हाऊसमनी त्याला काम दिलं होतं.

आणि तो एकटाच नाही हो. टोनी ला रूसा, तोही इनफिल्डर, खेळाडू म्हणून १३२ मॅच, अॅव्हरेज .१९९, एकही होमरन नाही. तीन वर्ल्ड सीरिज जिंकला आणि मॅनेजरांच्या विजयांच्या यादीत आज दुसऱ्या नंबरला आहे. आपल्याकडचं सांगायचं तर रमाकांत आचरेकर सर फक्त एक फर्स्ट क्लास मॅच खेळले होते, एक! शिवाजी पार्कवर सचिन तेंडुलकरला स्टंपवर नाणं ठेवून बॅटिंग करायला लावणाऱ्या सरांना कोणी विचारलं का की तुम्ही स्वतः काय खेळलात? विचारलं असतं तर?

मोठे खेळाडू चांगले कोच होतच नाहीत असं माझं म्हणणं नाही, होतात की. पण निवड करणाऱ्यांनी कोच व्हायला आलेल्या माणसाला ग्राउंडवर तरी घेऊन जावं. दहा पोरं समोर उभी करा, नेटमध्ये अर्धा तास द्या आणि बघा याला काय दिसतं, काय सांगतो, पोरं ऐकतात का. हाऊसमनी स्पार्कीला घेताना १९५९ चं स्कोअरकार्ड काढून बघितलं असतं तर रेड्सच्या नशिबी काय आलं असतं? आणि तुमच्या क्रीडा पानाला माझी विनंती आहे की कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नागपूर, जिथे कुठे ग्राउंडवर पहाटे पाच वाजता पोरांना पळवणारे असे न खेळलेले कोच आहेत त्यांच्यावर दर रविवारी अर्धा कॉलम द्या. नाव छापून आलं तर त्यांना पुढच्या इंटरव्ह्यूला एक कागद तरी दाखवता येईल.

स्पार्की ४ नोव्हेंबर २०१० ला गेला, कॅलिफोर्नियातल्या थाउझंड ओक्सला. माझ्यासाठी अंत्यविधीचा, शोकसभेचा कसलाही कार्यक्रम करू नका असं सांगून ठेवलं होतं. टायगर्सनी त्याचा ११ नंबर रिटायर केला, म्हणजे आता तो दुसऱ्या कोणाला मिळणार नाही, तो पुढच्या वर्षी, २०११ ला, तो गेल्यावर. जुनं स्टेडियम तर त्याच्याआधीच पाडलं होतं, मिशिगन आणि ट्रम्बुल रस्त्यांच्या कोपऱ्यावर आता पोरं खेळतात. मी परवा तिथे जाऊन आलो, आणि पुतण्याला त्या ग्राउंडचा फोटो पाठवला. त्याचा रिप्लाय आला, काका, त्या डाव्या बाजूच्या पोराचा थ्रो चुकतोय, कोपर खाली पडतंय त्याचं.

आपला एक जुना वाचक,
ट्रॉय, मिशिगन (मूळ गाव सांगली)